शाळेपुरते प्रोटेस्टंट

उकिडवेकाकूंना कधी राग येत नाही, असं माँट्रियालशेजारच्या लव्हालच्या मराठी मंडळात जो तो सांगतो. साफ खोटं आहे. सुरेखाताई उकिडव्यांना राग येतो, आणि एकदा आला की वर्षानुवर्षं टिकतो. फक्त चारचौघांत तो बाहेर काढायची त्यांना सवय नाही. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी तो एकदाच काढला, तोही नातीच्या होणाऱ्या सासऱ्यांपुढे, मसालेभात वाढलेला असताना, आणि चांगल्या खणखणीत फ्रेंचमध्ये.

फ्रेंच त्यांना कॅनडात यायच्या आधीपासून येत होतं. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये त्या संध्याकाळच्या वर्गाला जायच्या. हिला काय फ्रान्सच्या राजाला कांदेपोहे द्यायचेत का, म्हणून वडील चिडवायचे. पुढे इंजिनियर हेमचंद्र उकिडव्यांचं स्थळ आलं, आणि मुलगा माँट्रियालला जाणार हे कळल्यावर वडील गप्पच बसले. इथे उतरल्यावर सुरेखाताईंच्या लक्षात आलं, की पुस्तकातलं फ्रेंच निराळं आणि लव्हालच्या गल्लीतलं निराळं. हार मानणारी बाई नव्हे ती. शेजारणीच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी गल्लीतलंही उचललं आणि वर्षभरात दुकानदाराशी हुज्जत घालण्यापर्यंत मजल मारली. नंतर निवृत्त होईपर्यंत त्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होत्या. दिवसभर फ्रेंच बोलायचं, संध्याकाळी घरी येऊन मराठी.

आणि अशा बाईच्या एकुलत्या एका मुलाला फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नाही.

मुलगा स्वानंद दोन तासांवर, इंग्लिश मुलखातल्या कनाटाला असतो. टेलिकॉममध्ये उभी हयात काढली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी कंपनीनं नारळ दिला. त्याच सुमारास लव्हालमध्येच एक चांगली जागा निघाली. सुरेखाताईंना आभाळ ठेंगणं झालं. मुलगा परत येणार, बेसमेंटमध्ये राहणार, हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला शेजाऱ्यांच्या पोराला हाका माराव्या लागणार नाहीत. त्यांनी बेसमेंटला रंगसुद्धा लावून घेतला. मग एके दिवशी स्वानंदचा फोन आला.

"आई, ते गेलं. टेक्निकल राउंड क्लिअर केला होता मी. मग इंटरव्ह्यूतल्या बाईनं फ्रेंच सुरू केलं, आणि मी नुसता वी वी, हो हो करत बसलो. इट वॉज एम्बॅरसिंग."

"दुसरीकडे बघ ना इथेच."

"सगळीकडे तेच आहे. आई, आता घर विकू या. तू कनाटाला ये, कॉन्डो बघू तुझ्यासाठी." आणि मग तो म्हणाला, "तुला इतकं छान येतं. मला त्या इंग्लिश शाळेत कशाला घातलंत तुम्ही? साहेब करायचं होतं ना बाबांना?"

सुरेखाताईंनी फोन ठेवला. घर विकावं लागेल, त्याचं दुःख होतंच. पण पोटच्या मुलानं आपल्याला असं समजावं, की आईनं मोठेपणापायी आपली भाषा हिरावून घेतली? ते त्यांना सहन होईना.

याचं मूळ हेमचंद्ररावांच्या एका वाक्यात होतं. गणपतीला, हळदीकुंकवाला, कुणाच्या घरी नवीन मराठी जोडपं आलं की तिथेही, ते म्हणायचे, "आम्ही पूर्ण विचार करून इंग्लिश शाळा निवडली." मोठ्या रुबाबात म्हणायचे. ते म्हणत असताना सुरेखाताई आत जाऊन चहा टाकायच्या. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, असं वळण. चार वर्षांपूर्वी ते गेले, आणि फोटोशी काय भांडायचं म्हणून ते वाक्य तसंच राहून गेलं.

निवड कसली डोंबलाची! निवड झालीच नव्हती.

त्र्याहत्तर साल. स्वानंद सहा वर्षांचा. घराच्या कोपऱ्यावरच फ्रेंच शाळा होती, गल्लीतली सगळी मुलं तिथे जायची, आणि स्वानंद त्यांच्यात खेळून दोन-चार वाक्यं बोलायलाही लागला होता. सुरेखाताईंनी आदल्या दिवशी आरशापुढे उभं राहून काय काय बोलायचं त्याची तालीम केली. साडी नेसल्या, वर जाडजूड कोट चढवला, मुलाचा भांग पाडला आणि त्याचा हात धरून शाळेत गेल्या.

मुख्याध्यापिका एक नन होत्या. वागायला अतिशय गोड. त्यांनी सुरेखाताईंचं फ्रेंच ऐकलं आणि टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या. "किती सुंदर बोलता, मादाम! आमच्या मुलांनी शिकावं तुमच्याकडून." स्वानंदच्या हातावर त्यांनी मेपलची गोळी ठेवली. मग म्हणाल्या, "आणि याचा बाप्तिस्म्याचा दाखला?"

"तो नाही. आम्ही हिंदू आहोत."

"अरेरे," सिस्टर म्हणाल्या. "मग तुम्ही प्रोटेस्टंट शाळेत जायला हवं. ही कॅथलिकांची."

"पण आम्ही प्रोटेस्टंट नाही."

"शाळेपुरते आहात, मादाम," सिस्टर हसून म्हणाल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

ते हसू सुरेखाताई आजतागायत विसरलेल्या नाहीत. ओरडल्या असत्या, हाकलून दिलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं. प्रोटेस्टंट शाळा बसनं जायच्या अंतरावर, आणि इंग्लिश. ज्यू मुलं तिथे, ग्रीक मुलं तिथे, आणि आता पुण्याचे उकिडवेही तिथे. जो कॅथलिक नाही तो प्रोटेस्टंट, मग त्याच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण का असेना. तिथेही रोज सकाळी येशूची प्रार्थना व्हायची. स्वानंद ती घरी येऊन म्हणून दाखवायचा आणि हेमचंद्रराव शाबासकी द्यायचे. सहा महिन्यांत पोरगा गल्लीतल्या जुन्या सवंगड्यांना "पेप्सी" म्हणायला लागला. फ्रेंच पोरांना चिडवायची ती इंग्लिश शाळेतली शिवी होती. सुरेखाताईंनी त्याला थोबाडीत दिली. फ्रेंच शिकवायला बसवलं की तो टेबलाखाली जाऊन लपायचा, कारण शाळेत फ्रेंच बोलणाऱ्याची टर उडायची. एकाच गल्लीतली मुलं, दोन शाळा, मग दोन टोळ्या आणि बर्फाचे गोळे फेकून मारामाऱ्या.

हे सगळं आलं कुठून, याचा सुरेखाताईंनी पुढे छडा लावला. लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली आणि वाचता वाचता त्यांचं डोकं आणखी तापलं. भाऊबंदकी हो, दुसरं काय! पाचशे वर्षांपूर्वी युरोपात एका घरात भांडण लागलं. पोपचं ऐकायचं की बायबल आपलं आपण वाचायचं, प्रसादाची भाकरी खरंच देवाचं शरीर असते की नाही. ठीक आहे, वाद घाला. यांनी गावंच्या गावं जाळली. राजा बदलला की प्रजेनं धर्म बदलायचा, नाहीतर देश सोडायचा. एक जर्मन गाव शेजारच्या दुसऱ्या गावाशी सोयरीक करीना. शंभर वर्षं माणसं मारून दमले आणि मग हेच भांडण जहाजात घालून समुद्रापार घेऊन आले. इथे देश उभा करताना राज्यघटनेतच वाटणी करून टाकली. या तुमच्या शाळा, या आमच्या शाळा. दोघांच्या दोन चुली मांडून झाल्या आणि तिसरा कुणी दाराशी येईल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आला तेव्हा म्हणाले, तू त्या चुलीवरचा.

बरं, एवढ्यावर तरी थांबावं? चार वर्षांत सरकारनं कायदा केला, की बाहेरून आलेल्यांची मुलं फ्रेंच शाळेतच गेली पाहिजेत. म्हणजे जे दार सुरेखाताईंच्या तोंडावर लागलं, त्याच दारातून आता सगळ्यांनी आत जायची सक्ती! स्वानंद आधीच इंग्लिश शाळेत असल्यामुळे त्याला सूट मिळाली. हेमचंद्ररावांनी पेढे वाटले. आणि तेव्हापासून वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्येसुद्धा सुरेखाताई एकच ऐकत आल्या. हे बाहेरचे लोक, यांना आमची भाषा नको होती, यांनी मुद्दाम इंग्लिश निवडलं.

तर त्या मसालेभाताच्या रविवारी दुपारी सुरेखाताईंच्या टेबलाभोवती माणसं जमली होती. स्वानंद कनाटाहून आला होता. त्याची मुलगी ऊर्मी माँट्रियालला नोकरी करते. फ्रेंच ती तिथे आपली आपण शिकली. तिचा होणारा नवरा एतिएन, आणि एतिएनचे वडील, मस्यू ग्राव्हेल. ते निवृत्त इतिहास शिक्षक. माणूस वाईट नाही. येताना शुगर पाय, म्हणजे इथलं गोड पक्वान्न, घेऊन आले, मसालेभात दोनदा मागून घेतला. इंग्लिश मात्र त्यांना बेतानंच येतं.

जेवता जेवता एतिएननं सांगितलं, की स्वानंदला इथे नोकरी मिळाली नाही. मस्यू ग्राव्हेल हळहळले. मग सुरेखाताईंकडे वळून फ्रेंचमध्ये म्हणाले, "वाईट वाटतं, मादाम. पण तुमच्या पिढीनं आमच्याकडे पाठच फिरवली. आमच्या शाळा होत्या. तुम्ही आला नाहीत."

ऊर्मीनं ते स्वानंदला कानात इंग्लिशमध्ये सांगितलं. स्वानंद हसला. हसायला नको होतं. "टेल हिम ही इज राइट," तो म्हणाला. "आस्क माय मदर. दे वॉन्टेड अ लिटल इंग्लिश जेंटलमन."

सुरेखाताईंनी वाढायचा डाव भाताच्या पातेल्यात ठेवला.

"मस्यू ग्राव्हेल," त्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "मी आले होते. या कोपऱ्यावरच्या शाळेत. या मुलाचा हात धरून आले होते. तो सहा वर्षांचा होता आणि मी तुमच्याच भाषेत विचारलं, याला आत घ्या. तुम्ही माझ्या भाषेचं कौतुक केलंत, याला गोळी दिलीत, आणि याच्या कपाळावर तुमचं पाणी पडलेलं नाही म्हणून याला प्रोटेस्टंटांकडे पाठवलंत. मी पुण्याची बाई. मला कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांतला फरकसुद्धा धड माहीत नव्हता. आणि आज माझ्या घरात, माझ्या हातचं जेवून, मला सांगता की मी पाठ फिरवली?"

मस्यू ग्राव्हेल यांचा चेहरा लाल झाला. "मादाम, ते चर्च होतं. आम्ही नव्हतो. त्या चर्चनं आम्हालाही कमी छळलं नाही. माझ्या आईला विचारा, चर्चच्या धाकानं अकरा बाळंतपणं..."

"असेल. छळलं असेल. मला तुमच्या आईबद्दल वाईट वाटतं. पण मला नाही म्हणायच्या वेळी चर्च होतं आणि मला बोल लावायच्या वेळी तुम्ही आहात? हे कसं?"

"मला खरंच माहीत नव्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. "मी तशाच शाळेत शिकलो. वर्गात आम्ही सगळे सारखेच होतो. मला वाटायचं, बाकीच्यांना यायचंच नाहीये."

"तुम्ही इतिहास शिकवायचात ना?" सुरेखाताई म्हणाल्या. सबंध आयुष्यात एवढं लांबलचक रागावून त्या कधी बोलल्या नव्हत्या, आणि अजून त्यांचं समाधान झालेलं नव्हतं.

स्वानंद एकदा आईकडे, एकदा व्याह्यांकडे बघत होता. आईचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता, आणि त्यातला एक शब्दही त्याला कळला नव्हता. आपल्याविषयी चाललंय, एवढंच कळलं होतं.

"व्हॉट्स गोइंग ऑन? आई, काय झालं? ऊर्मी, व्हॉट डिड शी से?"

ऊर्मीचे डोळे भरले होते. ती सांगायला लागली, तेवढ्यात सुरेखाताईंनी हात वर केला. "तू नको गं." मग मस्यू ग्राव्हेल यांच्याकडे बघून त्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "तुम्ही सांगा त्याला. त्याला जी भाषा येते, तिच्यात सांगा."

एतिएन मध्ये पडू बघत होता. बापानंच त्याला थांबवलं. मस्यू ग्राव्हेल यांनी चमचा खाली ठेवला, रुमालानं तोंड पुसलं आणि स्वानंदकडे तोंड करून बसले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता.

"युअर मदर," ते म्हणाले, "शी केम टु अवर स्कूल. विथ यू. यू वेअर सिक्स." पुढचं त्यांना सापडेना. एतिएन काही सुचवणार होता, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. "शी आस्क अस इन गुड फ्रेंच. टु टेक यू. अँड वी... वी सेड नो."

स्वानंद आईकडे वळला.

"खरं?" त्यानं मराठीत विचारलं. "मग बाबा नेहमी तसं का सांगायचे? आम्ही निवडली म्हणून?"

"दारातून परत पाठवलं, त्याची लाज वाटायची रे त्यांना," सुरेखाताई म्हणाल्या. "दुसऱ्यांची लाज होती ती. राहिली मात्र आपल्या घरात."