ताटाएवढं फूल

देवासच्या कारखान्यात यंत्र बसवायला इटलीहून एक साहेब आला होता. जाताना त्याने बाबांच्या हातावर एका फुलझाडाचे लसणाच्या पाकळ्यांएवढे चार-सहा कांदे ठेवले, फूल कसं येतं ते सांगायला दोन्ही हात पसरले आणि गेला. दोघांची भाषा एक नव्हती. पसरलेले हात बाबांनी माप म्हणून घेतले.

"ताटाएवढं निळं फूल!" त्यांनी सगळ्या खात्यात सांगितलं. पुढच्या वर्षी त्याचा वास पार मांडूजवळच्या नालछ्यापर्यंत जाऊ लागला, त्याच्या पुढच्या वर्षी मांडूच्या मधमाश्या पत्ता विचारत आमच्या अंगणात उतरल्या. आमच्या घराण्यात खोटं कुणी बोलत नाही. कमी सांगायची सवय तेवढी कुणाला नाही.

बाबांनी स्वतः मात्र ते फूल कधी पाहिलं नव्हतं. पावसाळ्यात सडू नयेत म्हणून कांदे डब्यात कोरड्या रेतीत ठेवायचे, दिवाळीनंतर कुंडीत लावायचे, सगळं तेच करत. पण फूल उमलायचं भर दुपारी, आणि भोंगा होऊन ते घरी येईतो वातीसारखं पिळून गेलेलं असायचं. रविवारी ओव्हरटाइम, नाहीतर नेमकं आभाळ. आईला विचारलं तर ती "आलं होतं हो छान" म्हणे आणि पोळी लाटत राही.

मग छातीने दगा दिला. त्या माघात ते पलंगावरून उठेनात. डॉक्टरने हलवायची मनाई केली. कुंडी आत आणावी तर उन्हाशिवाय कळी उघडत नसे, आणि उघडलेलं फूलही सावलीत लगेच मिटे. एकदा बघायचंय, एवढंच त्यांचं मागणं होतं.

एका दुपारी खात्यातले फिटरकाका भेटायला आले. बाहेर फूल उमललेलं.

"जाओ भिया, देख लो," बाबा म्हणाले. "मैं झूठ नहीं बोलता था."

मी काकांबरोबर गेले. फूल माझ्या अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं. काका बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग आत येऊन कपाळाला हात लावला. "भिया, तुमने तो कम बताया! काहे की थाली, परात है परात!"

बाबा हसले. हसताना खोकला लागला, तो थांबेना. आईने पाणी पाजलं. जरा बसल्यावर ते माझ्याकडे वळले.

"तू सांग. केवढं?"

मी दोन्ही हात पसरले, भिंतीला लागेपर्यंत.

"साहेबानंही असेच पसरले होते," ते म्हणाले आणि कूस बदलली.

कुंडीत आणखी दोन कळ्या होत्या. त्या कधी उमलल्या ते कुणी पाहिलं नाही. घरात सुतक होतं. संध्याकाळी कुंडीत पिळलेल्या दोन वाती तेवढ्या दिसल्या.