गुलाबी कागदावरची आई

थोंगदादा गेल्याची बातमी श्यू-चिनला गुरुवारी सकाळी भाजी निवडताना कळली, आणि तिने सगळ्यात आधी काय केलं असेल तर बातमीतले शब्द तपासले. तीस वर्षं शिनयिंग गावात शोकपत्रिका छापणाऱ्या बाईकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. रेडिओवाल्यांनी सांगितलं होतं, "आपले लाडके थोंगदादा सारसावर बसून पश्चिमेकडे निघाले." जिल्हाप्रमुखांकडून आलं, "दक्षिणेचा आवाज हरपला." देवळाच्या समितीने जाहीर केलं की देवांनाच गोष्टी ऐकायची हुक्की आली, म्हणून त्यांनी बोलावून घेतलं. मोबाइलवरच्या गटांत तर कमळांचं पीक आलं होतं. 'वाट सोपी होवो', 'वाट सोपी होवो', आणि मध्येच कुणा चुलतभावाने घाईघाईत पाठवलेलं 'शुभ सकाळ' आणि हसरं मांजर.

"सारसावर?" तिचा नवरा खुन-शान यंत्राला तेल देता देता म्हणाला. "हा माणूस स्कूटरवर मावत नव्हता!"

थोंगदादा म्हणजे च्वो थोंग. चाळीस वर्षं रोज दुपारी रेडिओवर गोष्टी सांगायचा आणि राक्षसाने राजकन्येला उचललं रे उचललं की नेमका तिथेच थांबून गुडघेदुखीचं औषध विकायचा. लोक शिव्या घालत ऐकायचे आणि औषधही घ्यायचे. श्यू-चिनच्या कपाटात त्याच्या तीन बाटल्या होत्या, एकीचाही उपयोग झाला नव्हता. तरी बातमी वाचून तिचे डोळे भरून आले, हे खरं.

दहा वाजता थोंगचा मुलगा वन-श्योंग स्वतः दुकानात आला. सहाशे पत्रिका हव्या होत्या, उद्या संध्याकाळपर्यंत. आमदार येणार होते, दोन वाहिन्या येणार होत्या. वडील कधी, कुठे गेले, जवळ कोण होतं, तेही त्याने सांगितलं.

"गुलाबी कागदावर ना?" श्यू-चिनने विचारलं. "आपल्या मोजणीने एक्क्याऐंशी झाले त्यांना."

"हो, गुलाबीच."

"आणि घरात त्यांच्याहून वडीलधारं कुणी?"

"आता आम्हीच थोरले, ताई," वन-श्योंग मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

हा प्रश्न ती प्रत्येकाला विचारायची. ऐंशी ओलांडलेला माणूस गेला तर कागद गुलाबी, भरल्या आयुष्याचा. पण त्याची आई किंवा बाप हयात असेल तर कागद पांढराच. आईच्या देखत कुणी म्हातारा होत नाही, आणि तिच्याआधी गेला तर त्याचं आयुष्य भरलं असं म्हणत नाहीत. गावात हे शाळकरी पोरालाही ठाऊक. गुलाबी कागद हातात पडला की लोक मजकूर वाचण्याआधीच समजतात, याचे आईबाप केव्हाच गेलेत.

उत्तर मिळाल्यावर ती एरवी आपली जुनी बाडं काढून पाहायची. छापलेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत तिच्याकडे होती. पण एवढं मोठं गिऱ्हाईक दारात आलं आणि बाई हुरळली. 'पूर्ण आयुष्य भोगून, स्वप्नात पश्चिमेला परतले' ही ओळ तिने इतकी सुरेख जुळवली की स्वतःवरच खूश झाली.

शुक्रवारी संध्याकाळी गठ्ठे गेले, आणि तिथून तिला चैन पडेना.

काहीतरी राहिलंय, एवढंच कळत होतं. जेवताना ती दोनदा उठली. भांडी घासली, पुसली, पुन्हा घासली. शेवटी बाडं काढलीच. बावीस वर्षांपूर्वीची थोंगच्या बापाची पत्रिका सापडली. तिच्यात विधवा पत्नीचं नाव होतं. मग तिने पुढची सगळी बाडं उलटली. थोंगच्या आईची पत्रिका त्यांत कुठेच नव्हती. च्वोंच्या घरची छपाई दुसरीकडे कधी जात नसे.

"अरे देवा," ती मटकन खाली बसत म्हणाली. "म्हातारी जिवंत आहे."

खुन-शानने हिशेब केला. अठराव्या वर्षी थोंग झाला असेल तर आता नव्याण्णव.

शनिवारी सकाळी सातला तिने वन-श्योंगला फोन लावला. तो कळवळून म्हणाला, "ताई, डॉक्टरांनी सांगितलंय, आजीला धक्का बसता कामा नये. पांढरा कागद निघाला, तिचं नाव छापलं, तर गाव तिचं सांत्वन करायला घरी धावेल. म्हणून आम्ही रेडिओसुद्धा काढून ठेवला."

"म्हणून तिला कागदावर मारलंत?"

"कागदाने कुणी मरतं का?"

"मी तीस वर्षं तेच करतेय रे बाबा!" श्यू-चिन ओरडली. "माझ्या कागदावर आलं म्हणजे ते खरं, असं गाव मानतं!"

फोन ठेवून ती दुकानात येरझारा घालू लागली. पत्रिका परत मागवायच्या तर सहाशे दारं ठोठावावी लागणार, आणि का मागवता म्हणून विचारलं तर सांगायचं काय? राग वन-श्योंगवर काढावा तर प्रश्न विचारून पुढे न पाहणारी तीच होती. दाराशी नूडलवाली आली आणि म्हणाली, "काय गं, थोंगदादाची आई कधी गेली? आम्हाला पत्ताच नाही! दिवसकार्याला बोलावलंसुद्धा नाही, मोठी माणसं ना!" श्यू-चिनने तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. असा उद्धटपणा तिने जन्मात केला नव्हता.

दुपारी व्हायचं ते झालं. मासळीबाजारातल्या आ-मानला, थोंगच्या आईला वहिनी म्हणणाऱ्या तिच्या जुन्या मैत्रिणीला, पत्रिका मिळाली. गुलाबी कागद पाहून तिने डोळ्यांना रुमाल लावला आणि सुनेचं सांत्वन करायला च्वोंच्या घरी फोन केला. सून अंत्यविधीच्या मंडपात होती. फोन उचलला म्हातारीने.

"वहिनी कधी गेल्या गं? तुमच्या घरची गुलाबी पत्रिका आलीय," आ-मान हुंदके देत म्हणाली.

"कुठली वहिनी? मी इथेच आहे की, आ-मान."

"मग पत्रिका कुणाची आलीय?" असं म्हातारीने विचारल्यावर आ-मानने फोन आपटला.

तीन वाजता म्हातारीची चाकाची खुर्ची दुकानाच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. ढकलणारी वाती, म्हातारीची काळजी घ्यायला जावा बेटावरून आलेली बाई, रडवेली झाली होती. "ऐकेचना," ती म्हणाली. "मी नाही आणलं तर म्हणे रांगत जाईन."

श्यू-चिन लगबगीने उंबऱ्यापाशी आली. "आजी, चूक माझी आहे," ती भडाभडा बोलू लागली. "आत्ताच्या आत्ता पांढऱ्या कागदावर काढते. 'पूर्ण आयुष्य' काढून टाकते. तुमचं नाव घालते, 'उलटं सुतक धरणारी आई' म्हणून, सगळ्यांच्या आधी. माझ्या खर्चाने काढते, घरोघर जाऊन माफी मागते..."

"ते नंतर कर," म्हातारी म्हणाली. आवाज बारीक होता, पण ठाम. "आधी मला सांग."

"काय सांगू, आजी?"

"सून म्हणते तो हवापालटाला गेलाय. नातू म्हणतो रेडिओ बिघडलाय. आ-मानने फोन आपटला. ही पोर नुसती रडते. आणि वाटेत एकीकडून वाचून घेतलं, तुझ्या कागदावर म्हणे तो स्वप्नात कुठेतरी परतलाय. अख्ख्या गावाला कळवलंत, मला कुणी सांगितलं नाही. तू सांग."

हजारो माणसांचं जाणं श्यू-चिनने छापलं होतं, पण एकाही माणसाला ते तोंडाने सांगायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिच्या जिभेवर सराईत ओळी गोळा झाल्या, एकाहून एक गोड. त्या तिने गिळल्या. स्टूल ओढून ती म्हातारीच्या समोर बसली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. हात थंडगार होते.

"आजी, तुमचा आ-थोंग मेला. मंगळवारी सकाळी. रुग्णालयात."

"एकटाच होता?"

"वन-श्योंग होता जवळ."

"किती वाजता?"

"सव्वासहाला."

म्हातारीने मान हलवली.

"तेव्हा मी पेज खात होते," ती म्हणाली. "दोन वाट्या खाल्ल्या."