बाण थांबेना

वडलांच्या हाताला कंपवात लागला तेव्हा ते माझ्या आताच्या वयाचे होते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे एका प्लॅस्टिकच्या पाटीला मी का भ्यालो ते कळेल. नाहीतर म्हणाल, म्हातारं येडं झालं.

आम्ही गुरव. नरसीकडच्या एका खेड्यात महादेवाची पूजा वडलांकडं होती. एका श्रावणात तीर्थ देताना त्यांची पळी थरथरायला लागली. लोक आधी हसले. मग ओंजळीतलं तीर्थ कोपरावरून ओघळायला लागलं, तसे वडलांची पाळी चुकवून चुलत्याच्या पाळीला यायला लागले. वडलांना तोंडावर कुणी काही म्हणालं नाही, घरातही नाही. पुढं पुढं त्यांना सदऱ्याची बटनं लावता येईनात. ते हात मी बघितलेत. म्हणून मला इंचवाकाट्याचं भ्या नाही, भुताचं तर नाहीच, पण सकाळी चहाची कपबशी उचलली की ती वाजते का, हे मी कान देऊन ऐकत असतो.

मी देऊळ धरलं नाही. हिंगोलीत लग्नपत्रिका आणि बॅनर करायचं दुकान टाकलं. तरी पोट हातावरच राहिलं. पत्रिकेतला गणपती केसभर डावीकडं सरकवायचा, मामाचं नाव काकाच्या बराबर रेषेत आणायचं, नाहीतर मांडवात भांडणं. माउस धरून धरून मनगट धरायला लागलं, तेव्हा पुण्याला दिलेल्या लेकीनं बिनवायरचा ट्रॅकपॅड पाठवला. काळी, गुळगुळीत पाटी. तिच्यावर बोट फिरवलं की पडद्यावर बाण फिरतो. पहिल्यांदा मी तिला नावं ठेवली आणि आठवड्याभरात तिच्याशिवाय माझं पान हलेना.

दसरा झाला आणि तो बाण थरथरायला लागला.

बोट नुसतं टेकवावं, तर बाण जागच्या जागी कापायचा. मध्येच टुणकन उडी मारून पडद्याच्या कोपऱ्यात जायचा. मी न दाबताच अक्षरं निवडली जायची. पहिल्या दिवशी मी पाटीला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी बोटाकडं बघितलं. त्यानंतर मी शिव्या घालायचं बंद केलं.

लेकीला फोन करून विचारलं, पण असं की जणू सहज विचारून राहिलो. तिनं सांगितलं तसं सगळं केलं. पाटी पूर्ण चार्ज केली. बंद करून चालू केली. ब्लूटूथ तोडून पुन्हा जोडलं. बाणाचा वेग पार खाली आणला. नुसत्या स्पर्शानं क्लिक होतं ते बंद केलं. टेबलाचा पत्रा नडत असेल म्हणून खाली पुठ्ठा घातला, मोबाईल लांब ठेवला, बोटातली तांब्याची अंगठी काढली. बाण कापायचा तो कापतच होता. शेवटी ती म्हणाली, बाबा, सोपं आहे, आईला एकदा वापरून बघू द्या, म्हणजे कळेल फक्त तुमच्याच हाताला होतंय की सगळ्यांच्या. मी म्हणालो, तुझ्या आईला कामं आहेत. फोन ठेवला तेव्हा बनियन घामानं भिजलं होतं.

कामं कसली? बायको तर रोज दुपारी दुकानात माझ्या पाठीमागंच बसून पत्रिकांना घड्या घालायची. नुसतं वळून "ये गं, बघ जरा" म्हणायचं होतं. पण तिच्या बोटाखाली बाण शांत राहिला असता, तर मग काय उरलं? मग हातच. त्यापेक्षा न कळलेलं बरं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी माझी मूठ खिशात झाकून हिंडत होतो. बाजारात पिशवी डाव्या हातात घ्यायचो. देवळात प्रसाद घेताना उजवा हात डाव्यावर दाबून धरायचो. घरी चहा खाली ठेवायला सांगायचो, गरम आहे म्हणून.

दिवाळी सरली, तुळशीचं लग्न लागलं आणि लग्नसराईची कामं सुरू झाली. साखऱ्याच्या बाजूच्या एका तांड्यावरचा माणूस लेकीच्या लग्नाची पत्रिका करायला आला. माझ्याहून थोडा लहान, डोक्याला पटका, बोलायला गोड. शेजारी खुर्ची ओढून पडद्याकडं बघत बसला. मी नवरीचं नाव उचलून जागेवर ठेवायला गेलो, बाणानं उडी मारली आणि नवरी जाऊन बसली व्याह्याच्या जागी, वरती "श्रीमान". तो खो खो हसला. मीही हसलो, कसंबसं. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. तेव्हा तो मायेनं म्हणाला, "काका, तुमचा हात कापून राहिला का?" आणि आपलं बोट पाटीकडं नेलं, मी बघतो म्हणून.

मी त्याच्या हातावर चापट मारली. चांगल्या गिऱ्हाइकाच्या, लेकीच्या बापाच्या हातावर! वर ओरडलो की मशीनला हात लावायचा नाही. बिचारा उठून उभा राहिला. संध्याकाळी येतो म्हणाला आणि गेला.

मागं घड्या घालायचा आवाज थांबला होता. बायको आली आणि एवढंच म्हणाली, "उठा." मी उठलो नाही. मग तिनं खुर्चीच्या पाठीला हात लावून तशीच वाट बघितली. बत्तीस गुण जुळवून आणलेली बाई आहे ती, तिच्यापुढं माझं किती चालणार. उठलो.

ती बसली. पाटीवर बोट टेकवलं. माझे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा बाण कापत होता. तिच्या बोटाखाली! वरून टुणकन उडी मारून कोपऱ्यात गेला. मला इतकं हसू आलं की भिंतीला टेकावं लागलं. हल्याला रोग आणि पखालीला इंजेक्शन, असं महिनाभर चाललं होतं म्हणायचं. मी तिला म्हणालो, पाटीच फुटकी निघाली, लेकीला सांगू, दुसरी मागवू.

तिनं चष्मा लावून पाटी उजेडाला धरली. वरच्या कोपऱ्यावर नख फिरवलं आणि विचारलं, "ही टेप कुणी लावली?"

मीच. खंडेनवमीला दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करतो आम्ही. कात्री, कटर, प्रिंटर, सगळ्यांना ओलं गंध आणि हळदकुंकू. पाटीलाही लावलं. पूजेचं कुंकू काम करताना बोटानं पुसलं जाऊ नये, म्हणून वरून सेलोटेप चिकटवली आणि विसरून गेलो. टेपखाली गंध कोंडलं होतं, अजून ओलसर. पाटी बोटाच्या स्पर्शावर चालते, तिला वाटत असणार की कोपऱ्यात दुसरं कुणी बोट ठेवून बसलंय.

मी फडकं घेऊन पुढं झालो, म्हणालो, आण इकडं, ते कुंकू पुसून टाकतो. तिनं माझं मनगट धरलं. सवाष्णीपुढं हे शब्द काढायचे नसतात, तेही नवऱ्यानं, आपल्याच हत्यारावरचं कुंकू. माझ्या ध्यानातच आलं नाही. तिचा चेहरा उतरला होता.

"पुसतो म्हनू नका. निर्माल्य उतरवते मी," ती म्हणाली.

तिनं टेप सोलली, ओल्या बोळ्यानं कुंकू उचलून कागदावर घेतलं, पाटी स्वच्छ केली, मग पदराच्या कोरड्या टोकानं हळूहळू फिरवून घेतली. पाटी जोडली. बोट टेकवलं. बाण खिळ्यागत उभा राहिला. तिनं नवरीचं नाव उचललं आणि अलगद नवरीच्या जागी नेऊन ठेवलं. मग खुर्ची सोडली.

"आता तुमी."

मी म्हणालो, झालं की, चालू झाली. ती उभीच. मी बसलो, बोट टेकवलं.

बाण कापायला लागला. उडी नाही मारली, कोपऱ्यात नाही गेला. जागच्या जागी, बारीक, न थांबता.

"अजून ओलं असंल," मी म्हणालो.

"न्हाई. कोरडं हाय."

ती शेजारच्या खुर्चीवर बसली आणि माझा हात पाटीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतला. "मला दिवाळीपासून ठाव हाय," ती म्हणाली. "तुमी सांगाल म्हनून वाट बघून राहिले व्हते. मला बी भ्या वाटतंय. उद्या नांदेडच्या दवाखान्यात जाऊ."

मी म्हणालो, संध्याकाळी तांड्यावरचं गिऱ्हाईक येणार, त्याची पत्रिका राहिली. ती म्हणाली, तुमी सांगा, बोट मी फिरवते.