उत्तरेची भिंत

गावचा संत सान अन्तोनियो, त्याच्या जूनमधल्या सणाआधी पुरुषांनी माती कालवायची आणि बायकांनी चर्च लिंपायचं, हा न्यू मेक्सिकोतल्या त्या डोंगरगावचा रिवाज स्पेनच्या पाद्र्यांच्या काळापासूनचा. क्लेओफास आर्चुलेताच्या वाट्याला उत्तरेची भिंत होती. कच्च्या विटांची, वेदीमागची, दोन हात जाड. आधी ती तिच्या आईची होती. लेकराच्या पाठीवरून फिरावा तसा क्लेओफासचा तळवा भिंतीवरून फिरे, आणि कुठं ओल धरलीय ते हातालाच कळे.

मग तिचा भाचा ओनोफ्रे चर्च समितीचा प्रमुख झाला.

"दरवर्षी तोच चिखल," तो बैठकीत म्हणाला. "एकदाचं सिमेंट चढवू. चाळीस वर्षं बघायला नको."

"भिंतीत खालून ओल चढते, बाबा. सिमेंटातनं ती बाहेर कशी पडायची?"

"आत्या, चिखल गेला की तुझा मान जाईल. म्हणून जीव तुटतोय तुझा."

बायकाही हसल्या. गुडघे त्यांचेही दुखत होते. मताला सगळ्यांचे हात वर गेले. क्लेओफासनं इकडंतिकडं पाहिलं आणि आपलाही वर केला.

नंतरची अकरा वर्षं दर जूनला ती भिंतीवर बोटं वाजवून बघे. आवाज पोकळ होत गेला.

"ओनोफ्रे, आत चिखल झालाय."

"केसाएवढी चीर दाखव, आत्या."

चीर नव्हतीच. सिमेंट गुळगुळीत होतं आणि आत भिंत कुजत होती.

बर्फ वितळायच्या दिवसांत, भर दुपारी, भिंत खाली बसली. सोबत वेदीमागचा चितारलेला लाकडी पडदाही आला. गावच्याच कुणा सुताराने झाडपाल्याच्या रंगांनी काढलेला सान अन्तोनियो चिखलात पालथा पडला. त्याला सुलटा केला, तर चेहरा चिखलालाच चिकटून राहिला.

आता ओनोफ्रे तिच्या दारात टोपी हातात घेऊन उभा होता.

"आत्या, लिंपायची माती कुठली आणायची? गवत किती घालायचं? कालवणाऱ्यांपैकी कुणालाच आता नीट आठवत नाही."

"ओढ्याच्या वळणावरची पिवळी. गवत बोटभर कापून."

"तू चल. पहिला हात तुझा."

क्लेओफासनं उजवा हात त्याच्यापुढं धरला. संधिवातानं बोटं आत वळून घट्ट मिटली होती. तळवा उघडत नव्हता.

"मताला वर केला होता तो हाच," ती म्हणाली. "तेव्हा चांगला उघडत होता."