दहा फुटांची खाच

बाबांच्या जुन्या लेन्सवर एक खाच आहे. अंतर बसवायच्या कड्यावर, दहा फुटांच्या आकड्यापाशी, त्यांनी स्वतः कानशीने पाडलेली. नालासोपाऱ्यात त्यांचा छोटा स्टुडिओ होता आणि लग्नसराईत मांडवातल्या अर्धवट उजेडात बारीक आकडे वाचत बसायला सवड नसायची. अंगठ्याला खाच लागेपर्यंत कडं फिरवायचं, माणसांपासून चार पावलं मागे यायचं आणि बटण दाबायचं. बाबांचं पाऊल अडीच फुटांचं, म्हणजे चार पावलांत दहा फूट. एवढ्या हिशेबावर त्यांनी अर्ध्या तालुक्याची लग्नं काढली.

मोबाइल आले आणि स्टुडिओ गेला. रोलचा कॅमेरा बिघडला, तो दुरुस्त करणारा माणूसही राहिला नाही. लेन्स मात्र ठणठणीत होती. मग बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, मधलं धूसर होत जाईल, कडेचं राहील. तसंच झालं. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत नाही, पण त्याच्या मागून गेलेली मांजर दिसते.

मी विरारला एका लॅबमध्ये रक्ताच्या काचा तपासते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं आणि दिसेल ते मोजायचं. धूसर काही दिसलं की माझं डोकं फिरतं. तसं ते फिरायला फार कारण लागत नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे.

बाबांना पुन्हा फोटो काढता यावेत म्हणून मी एक जुना-वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला. त्यावर त्यांची लेन्स बसावी म्हणून ऑनलाइन एक अडॅप्टर मागवला. धातूची एक गोल रिंग, एका बाजूला कॅमेरा, दुसऱ्या बाजूला जुनी लेन्स. बाबा त्याला बांगडी म्हणत. पहिल्या दिवशी सगळं जोडलं तर कॅमेरा पडद्यावर सांगायला लागला की लेन्स लावलेलीच नाही. "तीस वर्षं पोट भरलं हिच्यावर आनि हा म्हनतो लेन्सच नाय," बाबा म्हणाले. मी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शोधून ती तक्रार बंद केली. त्या दिवशी ते झोपेपर्यंत अंगठ्याने खाच चाचपत बसले होते.

आता चांदीपच्या घराबद्दल सांगायला हवं. तिथे बाबांची मोठी बहीण, माझी आत्या राहते. दर भाऊबीजेला आम्ही सगळे तिच्याकडे जातो. ओवाळून झालं की जेवायच्या आधी सगळं कुटुंब ओट्याच्या पायऱ्यांवर बसतं आणि बाबा एक फोटो काढतात. एकच. रोल महाग होता तेव्हाचा नेम, "एका सनाला एकच." ते फोटो आत्याच्या माजघरात ओळीने लावलेत. बाबा स्वतः कुठल्याच फोटोत नाहीत. आत्या म्हणते, "भाऊ फोटोत नाय, पन मी दर वक्ताला त्याच्याकडंच बघते."

तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत. फोटो धुऊन आला की बाबा आधी ते ठिपके बघत. तीन वेगळे मोजता आले तर फोटो चांगला, नाहीतर मेहनत पाण्यात.

दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला बांगडीसह आम्ही चांदीपला गेलो. सगळे पायऱ्यांवर बसले. मागे दाराला झेंडूचं तोरण. बाबांनी पहिल्या रांगेपासून चार पावलं मोजली, खाच लावली, पडद्याकडे न बघताच बटण दाबलं. मी शेजारीच उभी होते. फोटो मोठा करून आत्याच्या हनुवटीवर नेला. तीन ठिपक्यांचा एक डाग झाला होता.

"धूसर आलाय," मी म्हटलं.

ते परत पायऱ्यांपाशी गेले, परत चार पावलं मोजली. खाच पुन्हा चाचपली. दुसरा फोटो. पुन्हा डाग. ‘एका सनाला एकच’चा नेम मोडला होता. एक लहान मूल रडायला लागलं, आतून कुणीतरी डाळ करपत असल्याचं ओरडलं. बाबांच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. तिसऱ्या वेळी त्यांनी पावलं इतकी जपून टाकली, की मला बघवेना. तिसराही तसाच आला.

"ह्या बांगडीत कायतरी हाय," बाबा म्हणाले.

आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं! बाबा, तुम्हाला दिसत नाही. कशाला हट्ट करता? द्या इकडे."

ते शब्द तोंडातून गेले आणि त्याच क्षणी मला ते परत हवे होते. पण माझा स्वभाव असा, की चूक झाली की मी जास्तच ताठ होते. मी कॅमेरा घेतला, बांगडीसकट लेन्स काढली, कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स लावली आणि फोटो काढला. लख्ख आला. बाबा अंगणाच्या टोकाला शेवग्याखाली पाठ करून उभे होते. घरी आल्यावर नीट बघितलं तेव्हा कळलं, त्या फोटोत आत्या कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. ती कडेला, चौकटीबाहेर बघतेय.

बाबांनी लेन्स रुमालात गुंडाळली आणि कपाटात स्टुडिओच्या सामानाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते रागावले नाहीत, त्यांनी मान्य केलं. रस्ता ओलांडताना माझा हात धरायला लागले, आधी कधी धरत नसत. चहाचा कपसुद्धा कुठे ठेवू म्हणून विचारायचे. मी बोलले ते त्यांनी खरं मानलं होतं, आणि ते दिवसेंदिवस जास्त खरं होत चाललं होतं.

असं जवळजवळ वर्ष गेलं. पुढच्या भाऊबीजेला महिना उरला होता. एका रविवारी बाबा खाली गप्पा मारायला गेले असताना मी डबा उघडला. कशासाठी उघडला ते मला सांगता येणार नाही. लेन्स कॅमेऱ्यावर लावली आणि हॉलमध्ये शिवणाची टेप पसरली. बरोबर दहा फुटांवर खुर्चीत वर्तमानपत्र उभं केलं आणि खाच लावली. वर्तमानपत्र धूसर. त्याच्यामागे दोन फुटांवरचा खिडकीचा पडदा मात्र असा स्पष्ट, की त्यावरच्या फुलांचे धागे मोजावेत.

मी लॅपटॉपवर भाऊबीजेचे ते तीन फोटो उघडले. तेव्हा मी फक्त चेहरे बघितले होते. आता मागे बघितलं. तिन्ही फोटोंत माणसं धूसर होती आणि दाराचं तोरण लख्ख होतं, झेंडूची पाकळी न् पाकळी. तिन्ही फोटोंत चूक एकाच जागी, तिळभर इकडे नाही की तिकडे नाही. ज्याला अंतर कळत नाही त्याची चूक तीनदा एकाच ठिकाणी पडत नाही. बाबांचं पाऊल बरोबर होतं, अंगठा बरोबर होता. बांगडी केसभर पातळ होती. तेवढ्याने लेन्स आत सरकली होती आणि दहा फुटांची खाच बारा फुटांवर बघत होती.

अंगण खरोखरच वाकडं होतं. आणि रोज शंभर काचा तपासणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं, कारण काय दिसणार ते मी आधीच ठरवलं होतं.

शहाण्या माणसाने त्याच दिवशी सांगितलं असतं. मी गुपचूप दुसरा अडॅप्टर मागवला. म्हटलं, हळूच बदलू, बाबांच्या हातून फोटो नीट येईल, ते खूश, आणि मला काही कबूल करावं लागणार नाही. तो आला, तर तो उलटा चुकलेला, जाड. त्याच्यावर खाच आठ फुटांवर बघत होती. भाऊबीज आठ दिवसांवर आली. मी डाळीत दोनदा मीठ घातलं, लॅबमध्ये एका मुलीवर विनाकारण ओरडले. शेवटी एका सकाळी चहा देताना मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बरोबर होता. बांगडी चुकीची होती."

बाबांनी कप खाली ठेवला. या वेळी कुठे ठेवू म्हणून विचारलं नाही.

"कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

मला वाटलं, आता बोलतील, बोलू देत, मला ते हवंच होतं. पण ते म्हणाले, "किती कमी हाय?"

"केसभर. फार तर दोन केस."

"बांगडी आन."

त्यांनी ती चिमटीत धरून कितीतरी वेळ फिरवली. मग पत्र्याचा डबा मागितला. आतून रोलची एक जुनी निगेटिव्ह काढली आणि तिची कड बोटांत चोळली. "ही घाल मधे," ते म्हणाले. निगेटिव्हच्या शेवटी काही न उमटलेला कोरा तुकडा असतो, तेवढाच त्यांनी कापू दिला. चित्र असलेल्या भागाला कात्री लावू दिली नाही. मी बांगडीचे बारीक स्क्रू काढले, फिल्मच्या चकत्या कापून आत बसवल्या, स्क्रू परत पिळले. बाबा शेजारी बसून सांगत होते, एक स्क्रू पुरता आवळू नको, समोरासमोरचे थोडे थोडे आवळ.

पुन्हा टेप, पुन्हा वर्तमानपत्र, पुन्हा खाच. मी कॅमेऱ्यात बघितलं. छोट्या जाहिरातींची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. बांगडीत कमी पडत होती ती एका फिल्मची जाडी.

"जमलं," मी म्हटलं. "भाऊबीजेला तुम्हीच काढायचा."

"बघू," बाबा म्हणाले आणि गॅलरीत निघून गेले.

भाऊबीजेच्या दिवशी रिक्षात कॅमेरा माझ्या मांडीवर होता. ओवाळणं झालं. सगळे पायऱ्यांवर बसले, आणि कुणीच मागच्या वर्षाचं काढत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना तेच आठवतंय हे स्पष्ट होतं. बाबा दाराजवळ खुर्चीत बसून राहिले. मी कॅमेरा घेऊन अंगणात उभी. मनातून इतकी घाबरले होते, की माफी मागायची ठरवलेली तीन वाक्यंही आठवेनात. एवढंच म्हटलं, "मागच्या वर्षी अंगणच वाकडं होतं. चूक माझी होती. बाबा बरोबर होते."

मग आत्या म्हणाली, "भाऊ, ऊठ. मला किती वक्त असं बसवशील?"

बाबा उठले. माझ्या हातातून कॅमेरा घेतला आणि म्हणाले, "तू जा रांगेत."

मी आजवर त्या रांगेत कधी बसले नव्हते. लहानपणापासून बाबांच्या शेजारी, फ्लॅश धर, पिशवी धर. "पण पडदा कोण बघेल?" मी विचारलं.

"कोनी नाय."

मी आत्याच्या शेजारी पायरीवर टेकले. समोरून बाबा माझ्या गुडघ्यापासून मागे जायला लागले. एक. दोन. त्यांची नजर आमच्यावर नव्हती, जरा बाजूला होती, तशीच असते आता. तीन. फिल्मची चकती हलली असली तर? स्क्रू सैल झाला असला तर? चार. अंगठा कड्यावर फिरला आणि थांबला. आता पुन्हा धूसर आला, तर हा माणूस उरलेलं आयुष्य माझा हात धरून चालेल, हे मला स्वच्छ कळत होतं. आत्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

बटणाचा आवाज झाला.

"झाला," बाबा म्हणाले. कॅमेरा त्यांनी मला दिला नाही. थेट आत्याच्या हातात दिला. "बाय, ठिपके मोज."

फोटो मोठा कसा करायचा ते मी आत्याला दाखवलं आणि हात मागे घेतला. तिने स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली. अंगणातलं कुणी हललं नाही.

"एक, दोन, तीन," आत्या म्हणाली. "तीनही हायत."

बाबांनी नुसती मान हलवली. मला रडू येत होतं आणि ते मी पदराआड वगैरे लपवलं नाही. तेवढ्यात आत्याचं बोट स्क्रीनवर सरकत सरकत माझ्यापर्यंत आलं आणि ती खो खो हसायला लागली. "आनि ही बघ! सगळ्यांचे उघडे, हिचेच डोळे मिटलेत!"

भीतीने मी घट्ट मिटून घेतले होते. मला कळलंच नव्हतं.

"बाबा, अजून एक काढा ना," मी म्हटलं.

"एका सनाला एकच," बाबा म्हणाले आणि लेन्सला झाकण लावलं.

तो फोटो आता माजघरात ओळीत लागलाय. नवं माणूस घरी आलं, की आत्या त्याला फोटोसमोर उभं करते आणि माझ्याकडे बोट दाखवून सगळी कथा सांगते, ‘नाचता येईना’पासून. मी तिथेच उभी असते. ऐकून घेते.