कंग्राळीतून बोडक्या डोक्यानं

मी हिंदुस्थानच्या संघातून धावायला विलायतेच्या बाजूला जाणार होतो, हे आमच्या घरात आता कुणी खरं मानत नाही. नातवंडं तोंडावर हसतात. हसोत बापडी. त्यांच्यातला एकही जण परसातल्या विहिरीपर्यंत धावत गेलेला मी पाहिलेला नाही.

तरुणपणी मी रोज सकाळी येळ्ळूरहून गोऱ्या पलटणीच्या कॅम्पात दूध घालायला जायचो. खांद्यावर कावड, तिला दोन पितळी घागरी आणि पाय अनवाणी. ऊन चढायच्या आत पोचलो नाही तर दूध नासायचं आणि साहेबांचे खानसामे बोलून बोलून जीव खायचे. त्यामुळं सावकाश चालायची सवयच राहिली नाही. लग्नातसुद्धा बोहल्यापर्यंत मला दोघांनी दंडाला धरून हळू चालवत नेलं होतं.

पलटणीतल्या एका साहेबानं मला असा धावताना पाहिलं आणि मुन्शीकरवी बोलावून घेतलं. मुन्शीनं समजावून सांगितलं, की जगातल्या सगळ्या देशांचे खेळाडू एका ठिकाणी जमतात, त्याला ऑलिंपिक म्हणतात. हिंदुस्थानचाही संघ जायचा आहे. लांब पल्ल्याचे गडी निवडायला कॅम्पात शर्यत होईल आणि पहिले दोघे थेट जहाजात बसतील.

मला ते जहाज हवं होतं. देशाचं नाव वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं, उगाच कशाला खोटं बोलू? मला समुद्र बघायचा होता आणि आयुष्यात एकदा तरी खांद्यावर दूध न घेता धावायचं होतं. महिनाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं.

सरावाच्या पहिल्याच दिवशी माझा पटका सुटला, मागच्या शिपायाच्या पायांत गुंडाळला गेला आणि आम्ही दोघे एकाच कापडात अडकून गटारात पडलो. त्यावर साहेबानं फर्मान काढलं, की अंगात बंडी, खाली आखूड चड्डी आणि डोक्यावर काहीही नाही. वाटेत कुणी पाणी प्यायचं नाही, नाहीतर पोटात कळ येते. मला चड्डीची लाज वाटली, पण डोक्याचं जास्त लागलं. आमच्यात माणूस बोडक्या डोक्यानं अंगणातसुद्धा जात नसे.

शर्यतीची वाट कॅम्पातून निघून कंग्राळीच्या पलीकडच्या वडाला वळसा घालून परत अशी होती. कंग्राळी ही माझी सासुरवाडी. जावई चड्डीवर धावणार आहे हे तिकडं कळवायची काही माझी हिंमत झाली नाही. सगळे शेतावर असतील, मी गुपचूप निघून जाईन, असा हिशेब केला. तो हिशेब करणाऱ्याच्या मुस्कटात मारावी असं मला आजही वाटतं.

आम्ही बाराजण सुटलो. कंग्राळीच्या वेशीत शिरलो तेव्हा मी सगळ्यांच्या पुढं होतो आणि मागच्यांची नुसती धूळ दिसत होती. सासूबाई दारात शेणी थापत होत्या. त्यांनी मान वर केली आणि पाहिलं, की लेकीचा नवरा बोडक्या डोक्यानं, अर्ध्या कपड्यांत, धापा टाकत पळत येतोय.

आमच्याकडं लेकीच्या घरून माणूस असा आला तर त्याचा अर्थ एकच असतो. सासूबाईंनी शेणाच्या हातांनी कपाळ बडवून घेतलं आणि असा गळा काढला, की झाडावरचे कावळे उडाले.

मी धावता धावताच ओरडलो, "कोण मेलं न्हाय! समदी बरी हायती!"

पण त्या आवाजात ऐकू कुणाला जाणार? मेव्हणा आडवा आला. सासरे तांब्या घेऊन पुढं झाले आणि म्हणाले, "पाव्हणं, आधी पानी घ्या. मग सांगा काय झालं ते."

साहेबाचा नियम आठवून मी म्हणालो, "पानी नको मामा. थांबाय येळ न्हाय."

हे मी बोलायला नको होतं. मौतीचा निरोप आणणारा माणूस बसत नाही आणि त्या घरचं पाणी पीत नाही, हे बारक्या पोरालाही ठाऊक होतं. तांब्या सासऱ्यांच्या हातातून खाली पडला. सगळी आळी रडायला लागली. तेवढ्यात वेशीतून आणखी अकराजण बोडक्या डोक्यानं पळत येताना दिसले, तशी एक म्हातारी ओरडली, "आगं बया, येळ्ळुरात पलेग आला!" आणि निम्म्या गावानं बोचकी बांधायला घेतली.

मला तसंच पुढं जाता आलं असतं. नुसता हात हलवून निघालो असतो, तर संध्याकाळपर्यंत त्यांना खरं कळलंच असतं. पण सासूबाई धुळीत बसून लेकीचे गुण गात होत्या, आणि जिवंत बाईसाठी तसं रडू देऊन पळून जाणं मला जमलं नाही.

मी थांबलो. सांगून कुणाला पटेना. सासरे म्हणाले, "लेक जित्ती आसंल तर बसा. गोड खावा. मगच आमी मानू." मी घोंगड्यावर बसलो, गूळ खाल्ला, तांब्याभर पाणी प्यालो. सासऱ्यांनी स्वतःचा पटका माझ्या डोक्याला बांधला, तेव्हा कुठं रडणं थांबलं. तोवर सगळे अकराजण माझ्याकडं बघत बघत निघून गेले होते.

त्यानंतर मी जो धावलो, तसा पुन्हा कधी धावलो नाही. एकेकाला मागं टाकत गेलो. परतताना मेव्हणा धोतर खोचून "दाजी, जेवूनच जावा" म्हणत शिवेपर्यंत माझ्या बरोबरीनं पळाला. तोही शर्यतीत असता तर चौथा आला असता. मी तिसरा आलो. पुढचा गडी माझ्यापासून चार हातांवर होता.

साहेबानं डोक्यावरच्या पटक्याकडं बोट दाखवून कारण विचारलं. मुन्शीला हे सगळं इंग्रजीत मांडता येईना, म्हणून त्यानं दोन शब्दांत आटोपलं, की बायको वारली. साहेबानं ताबडतोब टोपी काढली. त्याला बघून बाकीच्या गोऱ्यांनीही काढली. मग माझा हात हातात घेऊन तो पुष्कळ वेळ काहीतरी हळू आवाजात बोलला. जहाजात मात्र पहिले दोघेच गेले.

घरी येईपर्यंत मला रडू कोसळायच्या बेतात होतं. सरकारदरबारी वारलेली माझी बायको भाकऱ्या थापत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती हसून हसून परातीवर वाकली. मग एकदम थांबून म्हणाली, "आई माझ्यापायी रडली?"

ती पाचवी मुलगी. लग्नात पाठवणीच्या वेळी तिच्या आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं.

"लई रडली," मी म्हणालो. "म्हणत व्हती, माझ्या बायवानी भाकरी पंचक्रोशीत कुनाला येत न्हाय."

"माझ्या भाकरीला? ती तर जन्मभर घोंगडं म्हणायची." तिनं पिठाच्या मनगटानं डोळे पुसले. "आनि काय म्हणाली?"

मी सांगत गेलो. आठवत होतं ते संपलं, तेव्हा पदरचं घातलं. जहाज गेल्याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. पण तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं ती उलटली नाही, आणि मलाही थांबू दिलं नाही.