कुरडयांखालचा एसी

आता हे सांगू का नको, असं झालंय राव. पण चहा आलाच आहे, तर ऐका माझ्या अकलेचे दिवे.

मी आळे गावचा. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिची राहायची गाडी केली. आत पलंग, शेगडी, वर एसी. एसीला बॅटऱ्या आणि बॅटऱ्या चार्ज करायला टपावर सोलरची पॅनलं. सगळं झालं, पण बायको, म्हणजे अलका, तिच्यातून कोकण फिरायला काही केल्या तयार होईना. शेवटी म्हणाली, "माझ्या माहेरी दुपारी दोन तास तिच्यात झोपून बघते. घाम आला न्हाई, तर कोकणात येते. आला, तर गाडी इकायची."

झालं! सकाळीच बोरी बुद्रुक गाठलं. रस्त्यात एसी लावून बॅटऱ्या उतरल्या होत्या, पण मे महिन्याच्या उन्हात कसली काळजी? सासऱ्यांच्या अंगणात भर उन्हात गाडी लावली.

सासूबाई कुरडयांचा चीक शिजवून बसलेल्या. अंगणभर कोंबड्या, घालणार कुठं? म्हटलं, आई, माझ्या टपावर घाला की! मीच धोतर अंथरलं, शिडीवर उभं राहून सोऱ्या फिरवला आणि अख्खा टप भरला. जावयाचं लई कौतुक झालं. मीही फुगलो.

तुम्ही म्हणाल, पॅनल झाकलं की! अहो, आमच्या घरावर पाणी तापवायचा सोलर आहे. तो तापला की काम झालं. मला वाटलं, हाही तसलाच. धोतराखाली बोट लावून बघितलं, तर चटका बसला. म्हटलं, दाबून करंट तयार होतोय.

दुपारी अलका आत झोपली. दहा मिनिटांत एसीनं मान टाकली. ती घामाघूम होऊन बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "गिऱ्हाईक बघा."

माझं डोकंच फिरलं. आळेफाट्याच्या फिटरला फोन लावून बोगस माल दिलास म्हणून नाही नाही ते बोललो. बिचारा तसल्या उन्हात मोटारसायकलवर आला. शिडी चढला, धोतराचं टोक उचलून बघितलं, मग खाली उतरला.

"भाऊ, पॅनलला उजेड लागतो. तुमी त्याला पांघरूण घालून झोपवलंय."

सासरे उपरण्यात तोंड घालून हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लगबगीनं धोतर काढायला गेलो, तर सासूबाई शिडीला आडव्या.

"पावणं, हात लावायचा न्हाई. अजून वल्या हायेत."

आणि अलका? हसून हसून डोळे पुसत म्हणाली, गाडी विकायची नाही, आईच्या लई कामाची आहे.

गाडी वाचली. आता ती बोरीतच उभी आहे, आळीतल्या बायकांनी तिच्यावर नंबर लावलेत. मी काल एसटीनं घरी आलो. परवा परत बोलावलंय, सांडगे घालायला.